दहा शब्दांची परीक्षा

दहा शब्द वाचून दाखवायचे आणि लगेच विचारायचं, किती आठवतात? मग दुसरंच काही विचारत राहायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच शब्द मागायचे. म्हाताऱ्या माणसांची स्मृती मोजायची ही जगभरची साधी रीत.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये स्मृतीविषयीच्या ६१७ अभ्यासांचा, म्हणजे बारा लाखांहून अधिक माणसांचा, एकत्र हिशेब मांडला. शब्द, चेहरे आणि वास लक्षात ठेवण्यात बायका थोड्या पुढे निघाल्या, जागा आणि वाटा ध्यानात ठेवण्यात पुरुष. फरक लहानच आहे. त्यावरून घरातल्या एखाद्या माणसाची स्मरणशक्ती ठरवायला जाऊ नये.

वयाचा फटकाही सगळ्या आठवणींना सारखा बसत नाही. काल कोण आलं होतं, चष्मा कुठे ठेवला, ही प्रसंगांची स्मृती आधी सैल होते. शब्दांचा आणि अर्थांचा साठा मात्र साठीच्या आसपासपर्यंत वाढतच असतो.

आपल्याकडे मात्र बायका-पुरुषांच्या शब्दस्मृतीचं चित्र उलटं दिसतं. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक भारतीयांची पाहणी केली. अशा पाहण्यांत इथल्या वयस्क बायका पुरुषांच्या मागे पडतात. त्याआधी चार राज्यांत झालेल्या छोट्या पाहणीत शिक्षण, आरोग्य असे घटक जमेस धरल्यावर दक्षिणेतली दरी जवळजवळ बुजली, उत्तरेत मात्र ती उरलीच. भारतातल्या स्मृतिभ्रंशाच्या अंदाजातही बायकांचीच बाजू पडती दिसते. साठीपुढच्या पुरुषांत त्याचं प्रमाण ५.८ टक्के, तर बायकांत ९ टक्के.

म्हणजे इतरत्र बायकांना मिळणारी आघाडी इथल्या बायकांच्या हातून कुठेतरी निसटली. माझ्या मते ती निसटली सातव्या-आठव्या वर्षी, भाऊ पाटी घेऊन निघाला आणि बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी राहिली तेव्हा. ५४ देशांच्या आकडेवारीचा कलही याच बाजूला आहे. मुली जिथे शिकतात आणि बायका नोकरी-धंद्यात असतात, तिथे शब्दस्मृतीत त्या पुरुषांच्या अधिक पुढे जातात.

शाळा न पाहिलेल्या बायकांना लक्षात ठेवता येत नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या. त्या एक लाखाच्या वर भरल्या. बहुतेक गाणाऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आईकडून, सासूकडून ऐकलेल्या त्या ओव्या पहाटे दळताना तोंडी आल्या आणि तोंडीच राहिल्या. परीक्षेतले दहा शब्द एकमेकांशी नातं नसलेले, सुटे. ओवीला मात्र चाल असते, यमक असतं, भावाचं आणि लेकीचं नाव असतं, आणि खुंट्यावरच्या हाताचा ताल असतो.