कागदी ग्रंथ आणि वाचनयंत्र

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटसारख्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी वाचकाला नवा कथासंग्रह हवा असेल, तर तो बहुधा पुण्यामुंबईहून मागवावा लागतो. वाचनयंत्रावर तोच ग्रंथ, उपलब्ध असल्यास, क्षणार्धात उतरतो. ॲमेझॉनच्या किंडल यंत्रावर मराठी पुस्तके २०१६ पासून मिळू लागली.

या यंत्राचा पडदा दूरचित्रवाणीसारखा स्वयंप्रकाशी नसतो. त्यातील अतिसूक्ष्म कुप्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे व पांढरे कण तरंगत असतात. विद्युतदाबानुसार त्यांपैकी एका रंगाचे कण वर येतात व अक्षर उमटते. उमटलेले पान टिकविण्यास वीज लागत नाही. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, ही सोय वृद्ध वाचकांस विशेष मोलाची होय.

मालकीचा प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे. जुलै २००९ मध्ये, विकणाऱ्या प्रकाशकाकडे हक्कच नाहीत असे आढळल्यावर, ॲमेझॉनने काही ग्राहकांच्या यंत्रांतून दोन पुस्तके परस्पर पुसून टाकली. आणि तीही नेमकी जॉर्ज ऑर्वेलची! पैसे परत मिळाले. परंतु एका विद्यार्थ्याची टिपणे मूळ पाठावाचून निरुपयोगी ठरली. कागदी प्रतीस वाळवी लागेल, पावसाळ्यात ती फुगेल. पण ती शेजाऱ्यास वाचावयास देण्यास, ग्रंथालयास भेट देण्यास वा जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकण्यास कोणाची अनुमती लागत नाही.