फोल्डिंग व्हीलचेअर घेताना

बडनेरा किंवा अकोल्याहून रेल्वे, शेगावचं दर्शन, नागपूरचा दवाखाना असं वारंवार जाणं-येणं असेल तर आधी वजन बघा. लोखंडी खुर्ची साधारण 17 ते 20 किलोची, अ‍ॅल्युमिनियमची 10 ते 14. दुकानातच ती मिटा आणि स्वतः उचलून आपल्या गाडीच्या डिक्कीत ठेवून पाहा. सीएनजीची टाकी असेल तर पुष्कळ खुर्च्या मावत नाहीत.

मागची चाकं 24 इंची असली की बसणारा स्वतःच्या हातानं खुर्ची चालवतो. 12 इंची चाकांची खुर्ची हलकी, पण ढकलायला कायम कुणीतरी लागतं. हातात बळ असलेल्या माणसाला दोन-चार किलोंसाठी परावलंबी करू नये. हवेच्या टायरला गचके कमी, पण बाभळीचा एक काटा पुरे. आपल्याकडे भरीव टायरच बरे.

रेल्वेच्या साध्या डब्यात आतल्या बोळीतून खुर्ची जात नाही; दिव्यांगांच्या डब्याचं दार रुंद असतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा 16 एप्रिल 2025 ला सुरू झाली. बॅटरीची खुर्ची विमानानं न्यायची तर सुटी होणारी लिथियम बॅटरी, एकच असल्यास, 300 वॉट-अवरपर्यंतचीच चालते आणि ती केबिनमध्ये न्यावी लागते. तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा.

वय 65 किंवा जास्त आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून अशा साधनासाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा.