थंड गळू
गळू म्हटलं की ठणका आलाच. लालबुंद, गरम, हात लावू न देणारं. पण जांघेत महिनोन्महिने हळूहळू वाढणारी, ना लाल ना गरम अशी मऊ सूज दिसली, की जाणता डॉक्टर जांघ सोडून रुग्णाच्या पाठीकडे वळतो आणि मणके एकेक करून दाबून बघतो. हे क्षयाचं 'थंड गळू'. आत पू भरपूर, आग मात्र नाही.

क्षयाचा जंतू सावकाशीचा. आतड्यातला ई. कोलाय सोयीच्या जागी २० मिनिटांत दुप्पट होतो. याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. फुप्फुस, गाठी, हाडं, मेंदूची आवरणं, कुठेही तो बिऱ्हाड थाटतो. स्नायूंत मात्र क्वचितच. तिथलं लॅक्टिक आम्ल, भरपूर रक्तपुरवठा अशी कारणं सांगतात. मला त्यातलं एकही पुरतं पटलेलं नाही.

म्हणून स्नायूत क्षय सापडला, की आधी शेजारच्या हाडावर संशय घ्यायचा. सोअस नावाचा लांबोडका स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघून जांघेतून मांडीच्या हाडापर्यंत जातो. मणका किडला की पू या स्नायूच्या आवरणात शिरतो आणि पाटाच्या पाण्यासारखा उतारानं थेट जांघेत येतो. तिथे तो हर्नियाही वाटू शकतो! रुग्ण पाय दुमडून झोपतो, कारण सरळ केला की स्नायू ताणला जातो.

एमआरआयनं वाट दिसते. जंतू पकडायला सुई हवी. ती निरोगी कातडीतून, तिरपी घालायची. सूज लोंबते तिथेच टोचलं, तर भोक वाहतं राहू शकतं. पुवात जंतू इतके विरळ, की सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा काहीच दिसत नाही. कल्चरला कित्येक आठवडे लागतात. सीबीनॅट ही चाचणी मात्र जंतूचा डीएनए हुडकून दोनेक तासांत सांगते आणि रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध लागू पडेल का, तेही. तिथेही 'निगेटिव्ह' आलं म्हणून क्षय नाहीच, असं नसतं.

खरी कमाल पुढे आहे. एवढ्या मोठ्या गळवाला पुष्कळदा चिरफाड लागतच नाही. लागतात गोळ्या: पहिले दोन महिने चार औषधं, मग कमी. मणक्याचा क्षय असेल तर बहुधा वर्षभर. रिफाम्पिसिननं लघवी नारिंगी होते, हे आधी सांगितलं नाही तर घरचे घाबरतात. मग पू आटत जातो आणि एके रात्री उताणं झोपल्यावर दुमडलेला पाय सरळ होऊन गादीला टेकतो.