भिंतीतील प्रवाळ-मत्स्यालय

'प्रवाल' ह्या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ आहेत : कोवळा अंकुर आणि पोवळे. प्रवाळ हा वस्तुतः प्राणी. तथापि उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळ आपल्या शरीरात सूक्ष्म शैवाल बाळगतात व त्याने प्रकाशात तयार केलेल्या अन्नावर बव्हंशी जगतात. म्हणून अशा मत्स्यालयातील दिवा केवळ शोभेचा नसतो.

घराच्या भिंतीत ते बसविताना पहिला प्रश्न मात्र वजनाचा येतो. १२० × ६० × ६० सेंटिमीटरच्या टाकीत ४३२ लिटर, म्हणजे सुमारे ४४३ किलो, खारे पाणी मावते. चौरस मीटरला ६०० किलोंहून अधिक. निवासी खोलीच्या जमिनीवर एरवी धरला जाणारा चल भार साधारणतः २०० किलोंचा. काच आणि खडक निराळेच. तेव्हा भिंत फोडण्यापूर्वी स्थापत्य-अभियंत्यास विचारावे आणि टाकी स्वतंत्र घडवंचीवर ठेवावी.

दर्शनी चौकटीची हौस सर्वांस असते. खरे काम मागच्या खोलीत चालते. वरून हात घालण्यास जागा हवी, पंप हवा, जवळ मोरी हवी. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. ही तूट गोड्या पाण्यानेच भरावी. अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू वाढेपर्यंत काही आठवडे मासे सोडू नयेत.

राहिले प्रवाळ. भित्ती रचणारे प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. मालवणच्या समुद्रातून त्यांचा तुकडा काढणे हा गुन्हा आहे. आपल्या घरी कृत्रिम प्रवाळच बसवावे, असे माझे मत आहे. मग दिवा खरोखरच शोभेपुरता उरतो.