तेल कमी होतंय? इंजिन खोलण्याआधी टॅपेट कव्हर बघा

भर उन्हाळ्यात आष्टीहून (ता. परतूर) जालन्याला पोचलेली जुनी गाडी थांबली, की बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास येतो. जमिनीवर थेंब नाही, तरी डिपस्टिकवर तेल कमी. ‘इंजिनचे काम निघाले’ हे शब्द ऐकूनच मालकाच्या पोटात गोळा येतो. मात्र दोष कधी कधी फक्त टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमध्ये असतो.

हे कव्हर म्हणजे सिलिंडर हेडवरचे झाकण. त्याखाली कॅमशाफ्ट फिरतो, तेल सतत उडत असते. ते अडवणारे रबरी पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते, चिरते. पाझरलेले तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडून तिथेच जळते, म्हणून वास येतो पण थेंब दिसत नाही. गळती वाढली तर आगीचा धोकाही असतो.

खरी गल्लत पुढे होते. तेल वरून खाली ओघळते. चेंबर ओला दिसला म्हणून खालचे सील बदलले जाते, पैसे जातात आणि गळती तशीच राहते. त्यापेक्षा इंजिन थंड असताना कव्हरच्या कडा पुसून कोरड्या कराव्यात, एक-दोन दिवस गाडी चालवावी आणि टॉर्च मारून पाहावे. सर्वांत वर जिथे ओल दिसेल, तिथूनच गळती सुरू झालेली असते.

पेट्रोल गाडी मिसिंग करत असेल तर स्पार्क प्लगच्या खोबणीत तेल साचले आहे का, तेही पाहावे. अनेक इंजिनांत त्या खोबणीचे सील याच कव्हरला असते. नुसते प्लग बदलून भागत नाही. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर मात्र तेल आत जळते आहे. मग रिंग, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो तपासावा लागतो.

पॅकिंग बदलताना पीसीव्ही व्हॉल्व्ह जरूर बघून घ्यावा. इंजिनातला वायू बाहेर काढणारा हा छोटा भाग चोंदला, की आत दाब वाढतो आणि नवे पॅकिंगही पाझरू लागते. काही गाड्यांत तो प्लास्टिकच्या कव्हरमध्येच बसवलेला असतो. त्याचा पडदा फाटला तर शिट्टीसारखा आवाज येतो, आयडलिंग खालीवर होते आणि अख्खे कव्हर बदलावे लागू शकते.

गळती थांबावी म्हणून बोल्ट जोर लावून आवळणे हा उपाय नव्हे. कव्हर वाकते, प्लास्टिकचे असेल तर तडकते. सिलिकॉनही कंपनीने सांगितलेल्या कोपऱ्यांपुरतेच लावावे. जास्तीचे तुकडे आत पडले तर ते ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात.