चाकं वर आहेत ना?

बारवी धरणाचं पाणी पौषातल्या सकाळी, वारा पूर्ण पडलेला असताना बघावं. बदलापूरच्या मांजर्लीहून उल्हास नदी ओलांडून मुळगावच्या रस्त्याने गेलं की जलाशय लागतो. समोरचे डोंगर पाण्यात इतके स्वच्छ उमटतात की काठ नेमका कुठे, ते कळत नाही. पाण्यावर विमान उतरवणाऱ्या वैमानिकाला असलंच पाणी सगळ्यात जास्त फसवतं. लाटाच नसल्या तर आपण पन्नास फुटांवर आहोत की पाच, हे डोळ्यांना समजत नाही. मग तो काठाकाठाने येतो, नाक किंचित वर ठेवतो, इंजिनाचा जोर थोडा राखून मिनिटाला साधारण दीडशे फुटांच्या संथपणाने खाली येतो आणि पाणी लागेपर्यंत तसाच राहतो. उंचीचा अंदाज बांधायचाच नाही.

९ डिसेंबर २०१७ ला गिरगाव चौपाटीसमोर स्पाइसजेट विमानकंपनीने कोडिअ‍ॅक या जलविमानाची चाचणी घेतली, तेव्हा मी मुद्दाम बदलापूरहून गेले होते. विमानाखालचे तरंगते फ्लोट टेकले, मागे फेसाच्या रेघा उठल्या आणि वेग ओसरताच विमान होडीसारखं पाण्यात बसलं. माझं लक्ष मात्र चाकांकडे होतं.

हे विमान चाकांवर जमिनीवरही उतरतं, आणि खरा धोका या दुहेरी सोयीतच आहे. धावपट्टीवर चाकं वर राहिली तर बहुधा फ्लोटचा तळ खरवडण्यावर निभावतं. तलावावर ती खाली राहिली तर पाण्यात अडतात, नाक खाली जातं आणि क्षणात विमान पालथं होतं. असे अपघात मुरलेल्या वैमानिकांच्या हातूनही झालेत. म्हणून अशा अनेक विमानांत चाकं वर असली की निळे दिवे लागतात, खाली असली की हिरवे. तरीही ‘पाण्यावर उतरतोय, चाकं वर’ हे मोठ्याने म्हणायचं आणि डोळ्यांनी खात्री करायची, अशी शिस्त असते. दिव्यांपेक्षा माझा भरवसा या उच्चारावर जास्त आहे.

पालथ्या विमानात वर-खाली कळत नाही. एका हाताने दाराजवळचं काहीतरी घट्ट धरायचं, मगच पट्टा सोडायचा. लाइफ जॅकेट विमानाबाहेर पडल्यावरच फुगवायचं. १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं अपहृत विमान कोमोरोजजवळ समुद्रात कोसळलं, तेव्हा आतच जॅकेट फुगवलेले कित्येक प्रवासी छताला अडकून बुडाले. आपल्या धरणांवर जलविमानांची सेवा आलीच, तर विमानात चढण्याआधी हे प्रत्येकाला मराठीतून, जॅकेट हातात देऊन, सांगितलं गेलं पाहिजे.