फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी

जून संपत आला की मुंबई-ठाण्यातल्या दुकानांत, बँकांच्या शाखांत, दवाखान्यांत एकच तक्रार सुरू होते : सीलिंगमधून पाणी ठिबकतंय. मेकॅनिक येतो, ड्रेन साफ करून जातो आणि चार दिवसांनी तोच पिवळट डाग पुन्हा ओला होतो. मशीनमध्ये बऱ्याचदा काहीच बिघाड नसतो. पाणी येतं ते तांब्याच्या पाइपावरच्या रबराच्या कच्च्या कामातून. मोठ्या एसीच्या कामात मालकाचं सगळं लक्ष मशीनची कंपनी आणि टन यांवर असतं. पाइपाचं इन्सुलेशन आणि वायरिंग ही किरकोळ कामं समजली जातात आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याच्या वाट्याला जातात. त्यांच्याबद्दलचे समज मात्र पक्के असतात, आणि त्यांतले बरेच चुकीचे असतात.

सर्वांत रुळलेला समज असा, की इन्सुलेशन फक्त थंडावा वाया जाऊ नये म्हणून असतं. मग थोडं पातळ घेतलं तर थोडी वीज जास्त जाईल, एवढंच. किनारपट्टीवर हा हिशेब साफ चुकतो. पावसाळ्यात हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणारच, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसं. इनडोअरकडून आऊटडोअरकडे परत जाणारा जाड पाइप साधारण ५ ते १० अंशांवर असतो.

आता ढोबळ गणित मांडू. पाइप २२ मिलिमीटर व्यासाचा आणि ६ अंशांवर आहे असं धरू. त्यावर ९ मिलिमीटर जाडीचं नायट्रिल रबर चढवलं, तर मीटरमागे सुमारे साडेसहा वॅट उष्णता आत शिरते. १९ मिलिमीटर चढवलं तर पावणेपाच वॅट. या दोन वॅटांसाठी कुणी दुप्पट जाड रबर घेणार नाही. खरा फरक रबराच्या वरच्या अंगाला पडतो. ९ मिलिमीटरला बाहेरचं तापमान २३ अंशांवर राहतं, १३ मिलिमीटरला २५ वर, १९ मिलिमीटरला २७ वर. म्हणजे पहिल्या दोन्हींना घाम सुटणार आणि तिसरं कोरडं राहणार. जाडी ठरते ती दवबिंदूवर. नागपुरात मे महिन्यात ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू १४-१५ अंशांपर्यंत उतरतो. तिथे ९ मिलिमीटरलाही घाम येत नाही. पण तेच माप रत्नागिरीत आणलं, की पहिल्याच पावसात सीलिंग भिजतं. आणि नागपुरातही ऑगस्ट येतोच.

‘टेप करकचून गुंडाळली की काम पक्कं’ हा दुसरा समज अगदी कारागिरांमध्येही आढळतो. नायट्रिल रबर उष्णता अडवतं ते त्याच्यातल्या बंद हवेच्या बारीक पोकळ्यांमुळे. टेपने ते आवळलं, की १९ मिलिमीटरचं १२ होतं आणि पैसे १९ चे गेलेले असतात. शिवाय टेप म्हणजे सांधा नव्हे. नळी जिथे चिरून पाइपावर चढवली ती चीर, आणि दोन नळ्या जिथे भेटतात ती तोंडं, दोन्ही त्या रबरासाठीच्या सोल्युशनने चिकटवायला हवीत. नळी ताणून अंतर पुरं करणंही चूक, कारण काही महिन्यांत रबर आखडतं आणि सांधा उघडतो.

उघडलेल्या सांध्याचं काय होतं, ते क्लॅम्पपाशी टेप सोडवली की दिसतं. लोखंडी क्लॅम्पने रबर चेपून पातळ केलेलं असतं. तिथली नळी हाताला जड लागते, दाबली की पाणी सुटतं, आणि आतलं तांबं काळपट-हिरवं पडलेलं असतं. हवेतली वाफ फटीतून आत शिरते, थंड पाइपावर तिचं पाणी होतं आणि ते तिथेच अडकतं. पाणी उष्णता वाहून नेतं ते कोरड्या रबराच्या सतरा-अठरा पट. म्हणून एकदा भिजलेलं रबर असून नसल्यासारखं. वरून टेपचा आणखी एक थर चढवून ते वाळत नाही. तेवढा तुकडा कापून नवाच घालावा लागतो. आधाराच्या जागी लाकडी किंवा पफचे सॅडल वापरले, तर हे सगळं टळतं. खर्च मशीनच्या किमतीपुढे नगण्य आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गॅसचे जाड आणि बारीक, दोन्ही पाइप एकाच नळीत कोंबू नयेत. दोघांना वेगळी नळी हवी. साध्या स्प्लिटमध्ये बारीक पाइपही थंडच असतो, कारण गॅसचा दाब आऊटडोअरमध्येच उतरवलेला असतो. ड्रेनच्या पाइपालाही इन्सुलेशन लागतं, कारण कॉइलवरून येणारं पाणी थंड असतं; आणि त्याला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा. गच्चीवरचं उघडं रबर उन्हाने तडकतं, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं क्लॅडिंग किंवा ऊन सोसणारं कोटिंग करावंच. आणि नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट पार पडेपर्यंत ब्रेझिंगचे सांधे उघडेच ठेवावेत. आधीच झाकलेल्या सांध्यातली गळती शोधायची, तर केलेलं काम फाडावं लागतं.

वायरिंगमधला सर्वांत घातक समज हा : एमसीबी सारखा पडतोय ना, मग मोठा टाका. एमसीबी मशीनसाठी नसतो, वायरीसाठी असतो. कन्ड्युटमधून नेलेली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण २० अँपिअरच्या आसपास सुरक्षित असते. तिच्यावर ३२ चा एमसीबी लावला, तर प्रमाणित एमसीबी ३६ अँपिअरलाही तासभर न पडणं अपेक्षित आहे. पीव्हीसीचं वेष्टण ७० अंशांपर्यंतच्या तांब्यासाठी असतं. वायर तापत राहते, वेष्टण कडक होऊन तडकतं, आणि हे सगळं सीलिंगमध्ये, कुणाच्या नजरेला न पडता. एमसीबी पडतो तो काहीतरी सांगण्यासाठी. कारण अनेकदा सैल टर्मिनल असतं. बहुतारी वायर लग (टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) न लावता, क्रिंपिंग न करता स्क्रूखाली नुसती दाबलेली असते, आणि तिथली उष्णता एमसीबीपर्यंत पोचते.

‘इन्व्हर्टर मशीन कमी वीज खातं, बारीक वायर चालेल’ हेही खोटं. कडक उन्हात ते पूर्ण क्षमतेनेच चालतं. १२ अँपिअरचा भार ४० मीटर लांब दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून नेला, तर जाऊन-येऊन साधारण १३ व्होल्ट वाटेतच जातात. अडीचची वायर घातली तर पावणेआठ. गच्चीवरच्या आऊटडोअरला ४० मीटर अंतर सहज भरतं. एका आऊटडोअरवर अनेक इनडोअर चालवणाऱ्या व्हीआरएफ यंत्रणेत इनडोअर-आऊटडोअरमधली संदेशाची वायर पॉवरच्या वायरीसोबत एकाच पाइपातून नेली, तर मशीन अधूनमधून एरर दाखवतं आणि विनाकारण बोर्ड बदलले जातात. ती वायर शिल्डेड असावी, वेगळ्या वाटेने न्यावी, आणि शिल्डचं अर्थिंग उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे, बहुधा एकाच टोकाला, करावं.

तेव्हा सीलिंगचे बोर्ड चढण्याआधी एकदा शिडीवर चढा. रबराच्या नळीवर छापलेली जाडी वाचा, सांधे बोटाने चाचपा, क्लॅम्पखाली रबर चेपलंय का ते बघा, प्रत्येक वायरीला लग आहे का ते तपासा. सगळ्याचे फोटो काढून ठेवा, आणि प्रेशर टेस्टचा आकडा लेखी हाती आल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देऊ नका.